पॉन्डेरोसा पाइनच्या सुया दर जुलैत करपतात? औषध बाजूला ठेवा, आधी गड्डा बघा

अमेरिकेतल्या डोंगरातून काढून कुंडीत बोन्साय म्हणून वाढवलेल्या पॉन्डेरोसा पाइनबद्दलची तक्रार साधारण अशी असते. एप्रिल-मेमध्ये झाड झकास दिसतं. कोंब उभे राहतात, माणूस खूश. जुलै लागला की गेल्या वर्षीच्या सुयांची टोकं तपकिरी व्हायला लागतात, नव्या सुया अर्ध्यावर अडकतात आणि खोडाजवळच्या दोन-चार बारीक फांद्या गुपचूप वाळून जातात. मग बुरशीनाशक फवारलं जातं. सप्टेंबरमध्ये झाड सावरल्यासारखं वाटतं, म्हणजे औषध लागू पडलं असं ठरतं. पुढच्या जुलैत पुन्हा तेच रडगाणं.

कोलोराडो, वायोमिंग, साउथ डकोटा या पट्ट्यातल्या डोंगरातून काढलेल्या पॉन्डेरोसाबद्दल हे इतक्यांदा ऐकलंय की आता फोटो बघण्याआधीच मी एक प्रश्न विचारतो: डोंगरातून काढल्यापासून या झाडाच्या गड्ड्यातली, म्हणजे मुळांना धरून असलेल्या गोळ्यातली, मूळ माती कधी बदलली आहे का? उत्तर बहुतेक वेळा येतं, "नाही हो, विकणाऱ्याने हात लावू नका म्हणून बजावलं होतं." विकणाऱ्याचं बरोबरच असतं, पण ते पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतं. आठ-दहा वर्षं झाली तरी तोच सल्ला पाळत बसलं तर तोच झाडाच्या मुळावर येतो.

एका कुंडीत दोन माती

हे झाड मुळात कुठे उभं होतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. ग्रॅनाइटच्या खडकाला भेग, भेगेत वर्षानुवर्षं साचलेल्या सुया, त्या कुजून झालेला काळा भुगा आणि खडकाचीच झिजलेली बारीक रेती. एवढ्याशा मातीत झाडाने शंभर-दोनशे वर्षं काढलेली असतात. काढताना मुळं त्या मातीसकट निघतात, आणि तशीच निघायला हवीत, कारण मुळांना धरून राहणारी मायकोरायझा बुरशी त्याच मातीत असते. मग हा गड्डा लाकडी खोक्यात बसवून भोवती प्यूमिस भरतात. प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीतून निघालेला सच्छिद्र, हलका दगड. ओरेगनमध्ये तो मुबलक आहे. आज जिथे क्रेटर लेक हे सरोवर आहे तिथला माउंट मझामा हा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला आणि प्यूमिसचे थरच्या थर टाकून गेला.

म्हणजे एका खोक्यात दोन माती झाल्या. मध्ये बारीक, भोवती जाड. बारीक मातीतलं पाणी जाड दाण्यांत सहजी उतरत नाही. मध्य पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय तो पाणी सोडत नाही. भोवतालचा प्यूमिस दुपारपर्यंत सुकतो, मध्य मात्र तीन-तीन दिवस ओलाच. तुम्ही बोट घालून बघता ते कुंडीच्या कडेला. कोरडं लागतं, म्हणून पाणी घालता. मध्यात आधीच चिखल असतो, तिथे हवा उरत नाही आणि झाडाची सगळ्यात जुनी, जाड मुळं तिथेच गुदमरतात.

याच्या नेमकं उलटही होतं, आणि ते ओळखणं जास्त कठीण. मध्य एकदा पूर्ण वाळला की तो पाणी घ्यायलाच तयार होत नाही. वाळलेली गोवरी पाण्यात टाकली की आधी तरंगते, तसा हा गड्डा पाणी अंगाला लावून घेत नाही. वरून घातलेलं पाणी कडेच्या प्यूमिसमधून सरळ खाली जातं, भोकातून धार लागते, आपल्याला वाटतं झाड न्हाऊन निघालं. प्रत्यक्षात मध्यभाग ठणठणीत.

दोन्ही प्रकारांत वर दिसणारं लक्षण एकच: सुयांची करपलेली टोकं. म्हणून "जास्त पाणी झालं की कमी?" हा वाद फोटो बघून मिटत नाही.

आणि जुलैच का? मे महिन्यात हवा गार असते, सुयांतून पाणी कमी उडतं, शिवाय कोंबांना गेल्या शरद ऋतूत साठवलेल्या अन्नाचा आधार असतो. अर्धी मुळं कामावर नसली तरी भागतं. जुलैमध्ये कोलोराडोची कोरडी हवा आणि उंचावरचं कडक ऊन सुरू झालं की मागणी एकदम वाढते आणि उरलेली मुळं पुरी पडत नाहीत. सप्टेंबरात ऊन उतरतं, मागणी घटते, झाड सावरतं. श्रेय घेऊन जातं ते बुरशीनाशक.

पण आधी बाकीचे संशयित तपासा

गड्ड्याला हात घालण्यापूर्वी सुई नेमकी कुठे बिघडली आहे ते भिंगातून बघा. पॉन्डेरोसाच्या सुया दोन-दोन किंवा तीन-तीनच्या जुडग्यात असतात आणि वाढतात त्या बुडातून, म्हणजे टोक हा सुईचा सगळ्यात जुना भाग. टोकापासून खाली सरळ करपत आली असेल तर पाणी, मुळं किंवा साचलेले खताचे क्षार यांचा संशय घ्या. बूड हिरवं, टोक मेलेलं आणि मध्ये लालसर-तपकिरी आडवे पट्टे असतील तर ती डॉथिस्ट्रोमा बुरशी. तिच्यावर कॉपर (तांबेयुक्त बुरशीनाशक) फवारायचं, पण ते नव्या सुया बाहेर पडत असताना मेच्या मध्यात आणि पुन्हा जूनअखेरीच्या सुमारास. जुलैअखेरीला करपलेल्या सुयांवर मारलेलं कॉपर म्हणजे वरातीमागून घोडं.

वसंतात एखाद्याच फांदीच्या गेल्या वर्षीच्या सुया लाल झाल्या, फांदी झाडूसारखी दाट फुटली आणि टोकं वर वळली, तर वेगळा रोग आहे: इलायट्रोडर्मा. त्या फांदीची साल नखाने खरवडून बघा, आतल्या सालीत तपकिरी ठिपके-रेघा दिसतात. ही बुरशी फांदीच्या आतच मुक्काम करते, त्यामुळे फवारणीचा उपयोग नाही. फांदी कापून टाकायची. आराखड्यातली महत्त्वाची फांदी असली तरी.

सुयांवर पांढरे, चुना उडाल्यासारखे ठिपके असतील तर खवले कीड. सुया धुरकट, फिक्या, बारीक टिंबांनी भरलेल्या असतील तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. पाण्याचा जोरदार फवारा सुयांच्या खालून-वरून चार-पाच दिवसांच्या अंतराने मारला तर बराचसा आटोक्यात येतो.

फक्त नव्या सुया पिवळट आणि जुन्या हिरव्यागार असतील तर लोह मिळत नाहीये. याचं कारण विहिरीचं जड, अल्कधर्मी पाणी असू शकतं किंवा पुन्हा तोच ओला, गार मध्य. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाची एकच, वाऱ्याकडची किंवा नैर्ऋत्येची बाजू तपकिरी झाली तर ती हिवाळ्याची करणी. रॉकी पर्वतावरून शिनूक नावाचा उबदार, कोरडा वारा उतरतो, सुयांतलं पाणी उडवतो आणि खाली गड्डा मात्र गोठलेला असतो. पाणी येणार कुठून?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोडाकडच्या सगळ्यात जुन्या सुया पिवळ्या होऊन गळतात. तो रोग नाही. ते दरवर्षी व्हायचंच. त्यावर घाबरून खताचा डोस देणारे लोक मी पाहिलेत.

सालीवर राळेचे छोटे गोळे आणि भुसा दिसला तर मात्र प्रकरण गंभीर आहे, खोडात भुंगेरे शिरलेत. हे भुंगेरे जंगलातसुद्धा आधीच अशक्त झालेलं झाड हेरतात, त्यामुळे त्यांच्याही मागे बहुतेकदा मुळांचंच दुखणं असतं.

दोन काड्यांची चाचणी

आता मुख्य तपासणी. हॉटेलात मिळतात त्या साध्या, रंग न लावलेल्या लाकडी चॉपस्टिक घ्या. एक कुंडीच्या कडेपासून दोन बोटं आत, दुसरी खोडाच्या शक्य तितक्या जवळ. दोन्ही जवळजवळ तळापर्यंत खुपसा. कडेची काडी सहज जाते. खोडाजवळची जाताना हाताला जो विरोध होतो तोच तुम्हाला अर्धं उत्तर देतो: दाण्यांतून जाताना करकर लागते, जुन्या मातीत ती लोण्यात गेल्यासारखी शिरते किंवा दगडावर आदळल्यासारखी थांबते.

सकाळी नेहमीसारखं पाणी घाला आणि घालतानाच खोडाभोवती नजर ठेवा. कडेला पाणी पडताक्षणी नाहीसं होतं. खोडाजवळ ते डबक्यासारखं थांबतंय का, किंवा गोळा होऊन कडेकडे ओघळतंय का? संध्याकाळी दोन्ही काड्या काढून शेजारी-शेजारी ठेवा. ओल चढलेला भाग गडद दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. कडेची काडी पार सुकलेली आणि मधली तळापर्यंत काळपट, थंड असेल तर मध्य ओला आहे. मधली काडी पाणी घातल्यावरही वरच्या बोटभर भागातच भिजली आणि खाली कोरी राहिली, तर मध्य वाळला आहे. काडी नाकाशी धरा. पावसाळी जंगलाचा, अळंब्यांचा वास आला तर ठीक. आंबूस, नासल्यासारखा वास आला तर मुळं कुजायला लागलीत.

उन्हाळ्यात निभावून न्यायचं कसं

जुलैमध्ये कुंडी बदलायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. तोवर तात्पुरते उपाय.

मध्य ओला असेल तर कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ती तिरपी करा, तळाचं भोक खालच्या बाजूला येईल अशी. सपाट कुंडीच्या तळाशी जो पाण्याचा थर साचून राहतो तो एका कोपऱ्यात गोळा होतो आणि निघून जातो. हा उपाय इतका साधा आहे की लोक करतच नाहीत. मग जाडसर सळईने मध्यभागात, मोठी मुळं चुकवत, उभी भोकं पाडा आणि त्यांत बारीक प्यूमिस भरा, म्हणजे हवेला वाट मिळेल. पाणी कडेला रोज, मध्याला काडी सांगेल तेव्हाच. हो, एकाच कुंडीत दोन ठिकाणी दोन वेळापत्रकं. कटकट आहे खरी.

मध्य वाळला असेल तर एकदा कुंडी टबात काठापर्यंत बुडवून बुडबुडे थांबेस्तोवर ठेवा. खोकं उचलण्यापलीकडचं असेल तर खोडाजवळ ठिबक लावून तास-दोन तास थेंबथेंब पाणी जाऊ द्या. त्यानंतर वरच्या थरावर बारीक चिरलेलं सुकं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं एक शेवाळ) पसरलं की तो भाग पुन्हा कडक वाळत नाही. पृष्ठभागावर जमलेला भुग्याचा आणि शेवाळाचा कडक पापुद्रा असेल तर तो आधी चिमट्याने काढून टाका. दोन्ही प्रकारांत कुंडीच्या उन्हाकडच्या बाजूला एखादी फळी टेकवा. झाडाला दिवसभर ऊन हवं, कुंडीच्या भिंतीला नाही.

खत बंद. छाटणी बंद. एकही हिरवी सुई उपटायची नाही, अर्धी करपलेली असली तरी. तिचा उरलेला हिरवा भाग कामावर आहे.

खरा इलाज: अर्धा गड्डा मोकळा करणं

कळ्या नुकत्या फुगायला लागतात तो मुहूर्त. डेन्व्हरच्या आसपास मार्चअखेर ते एप्रिल. सगळी जुनी माती एका फटक्यात धुऊन काढायची नाही. जुन्या पाइनच्या बाबतीत ते बऱ्याचदा मरणालाच आमंत्रण ठरतं: बारीक मुळं तुटतात आणि मायकोरायझा वाहून जातो. एका वेळी गड्ड्याची एकच बाजू.

ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाच्या वायोमिंगहून आलेल्या झाडाचा गड्डा उघडताना मी शेजारी उभा होतो. बाहेरचा प्यूमिस झटकला की नव्या मुळांचा सात-आठ सेंटिमीटर जाडीचा थर दिसला, मुळांची टोकं पिवळसर-पांढरी, त्यांवर बुरशीचं पांढरं जाळं. इथवर सगळं छान. त्याच्या आत एक स्पष्ट रेघ होती, जणू कोणी आखून दिलेली, आणि रेघेच्या पलीकडे काळी, घट्ट माती. हुकाने ती उकरताना वरचा भाग पिठासारखा कोरडा निघाला आणि वितभर खाली तोच गड्डा ओला, गार, आंबूस. एकाच गड्ड्यात दोन्ही आजार. खालचं अंगठ्याएवढं मूळ चिमटीत धरलं तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत राखाडी धागा उरला. मेलेलं मूळ असंच ओळखायचं. जिवंत मुळाची साल निघत नाही आणि खरवडली तर आत पांढरट, ओलसर दिसतं.

करायचं ते असं. खोडाच्या रेषेत गड्डा मनातल्या मनात दोन भागांत वाटा. ज्या बाजूची मुळं जास्त खराब ती आधी. मूळ-हुकाने आणि लाकडी काडीने खोडाकडून बाहेरच्या दिशेने जुनी माती सोडवत या. पाण्याची जोरदार धार टाळा. मेलेली मुळं कापा, जिवंत बारीक मुळं शक्य तितकी ठेवा. खाली सरळ गेलेलं जाड मूळ दिसलं आणि कडेच्या मुळांचा आधार भरपूर असला तर ते आखूड करायची हीच वेळ. दुसरी बाजू जशीच्या तशी. तिथे फक्त कडा आणि तळ किंचित मोकळे करा.

नव्या भागात प्यूमिस किंवा प्यूमिस, लाव्हा दगड आणि अकाडामा (जपानमधली दाणेदार माती) यांचं मिश्रण. दाणे चाळून धूळ काढलेली हवी. धूळ राहिली तर दोन वर्षांत पुन्हा हाच लेख वाचावा लागेल. काडीने ढोसत मुळांमधल्या पोकळ्या भरा. आणि झाड कुंडीला तारेने इतकं घट्ट बांधा की खोड धरून उचललं तर कुंडी सोबत यावी. वाऱ्याने झाड डुललं की नवी फुटलेली मुळांची टोकं तुटतात आणि सगळी मेहनत वाया. या बांधणीत कंजुषी करणारे सर्वांत जास्त झाडं गमावतात असं माझं मत आहे.

नंतर भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घाला. काही आठवडे वाऱ्यापासून आडोसा आणि रात्री कडाका पडणार असेल तर गॅरेज. सकाळचं ऊन मात्र मिळू द्या. "बिचारं आजारी आहे" म्हणून पूर्ण उन्हाळा सावलीत ठेवलेला पॉन्डेरोसा बरा होत नाही. सावली या झाडाच्या प्रकृतीतच नाही. त्या वर्षी फांद्यांना तार नाही, छाटणी नाही, मोठी वाकवणी तर नाहीच. दुसरी बाजू दोन-तीन वर्षांनी, तीही नवीन कोंब जोमदार फुटत असतील तरच. कोंब अजून बोटाच्या पेराएवढेच येत असतील तर आणखी एक वर्ष थांबा.

या इलाजानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातही थोडी टोकं करपतात. गेल्या वर्षीच्या सुया आहेत त्या. त्यांच्याकडे बघू नका, कळ्यांकडे बघा. ऑगस्टअखेरीला टोकाच्या कळ्या जाड, राळेने चकाकणाऱ्या दिसल्या तर काम झालंय.

"सुया आखूड होत नाहीत" ही तक्रारही याच घरातली

हाच माणूस पुढे विचारतो, की सुया वीतभर लांब आहेत, जपानी ब्लॅक पाइनसारखे जूनमध्ये कॅन्डल कापू का? (वसंतात सरळ वर येणाऱ्या कोंबाला बोन्सायवाले कॅन्डलच म्हणतात.) नका कापू. जपानी ब्लॅक पाइन लांब, दमट उन्हाळ्यात एकाच वर्षी दुसऱ्यांदा फुटतो आणि दुसऱ्या फुटीच्या सुया आखूड येतात, म्हणून तिथे ती युक्ती चालते. पॉन्डेरोसा वर्षातून एकदाच फुटतो. त्याचे सगळे कॅन्डल बुडातून कापले तर तेवढ्या उन्हाळ्याची कमाई गेली, आणि अशक्त फांदी ती तूट भरून काढत नाही, मरते. वर गड्डा आजारी असेल तर आणखी लवकर.

जपानमध्ये मासाहिको किमुरांकडे सहा वर्षं बोन्साय शिकून २०१० मध्ये अमेरिकेला परतलेल्या रायन नील यांच्यासारख्या लोकांनी अमेरिकी झाडं त्यांच्या स्वतःच्या वाढीच्या चक्राप्रमाणे सांभाळायची भाषा रुजवली, तरी ब्लॅक पाइनचं कॅलेंडर घरोघरी भिंतीवर आहेच.

पॉन्डेरोसाचं कॅलेंडर सुयांच्या बुडाकडे बघून ठरवावं. जुडग्याच्या तळाशी कागदासारखं पातळ आवरण असतं. सुई वाढत असते तोवर त्या आवरणाच्या वर फिकट, कोवळा हिरवा भाग दिसतो. तो गडद झाला, सुई ताठ झाली, की ती पक्की झाली, बहुधा ऑगस्टमध्ये. खत तिथून सुरू करायचं आणि थंडी पडेपर्यंत चांगलं सढळ हाताने द्यायचं. अमेरिकेत बागेच्या दुकानात सरकीची पेंड सहज मिळते. आपल्याकडे गुरांना घालतात तीच. छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये: जिथे तीन-चार कळ्या एकत्र असतील तिथे दोन ठेवा, लांब कोंब सुया असलेल्या जागी मागे घ्या. कापलेल्या जागेमागे सुया असतील तरच तिथे नवी कळी येण्याची आशा, म्हणून सुया उपटून "स्वच्छ" केलेली फांदी नंतर टकलीच राहते.

सुया आखूड करायच्या असतील, त्याही ज्याचा बांधा तयार झालाय अशा निरोगी झाडाच्याच, तर वसंतात खत देऊ नका आणि सुया वाढत असताना पाण्याचा हात थोडा आखडता घ्या. मध्य ओला असलेल्या कुंडीत हे साधतच नाही. अजून जाडी आणि फांद्या कमवायच्या असलेल्या झाडाला मात्र पूर्ण हंगाम खाऊ द्या. त्याच्या सुया लांब असल्या म्हणून काही बिघडत नाही. काही जण कंटाळून पॉन्डेरोसाच्या खोडावर दुसऱ्या, आखूड सुयांच्या पाइनचं कलम बांधतात. जमतं ते, पण मला पटत नाही. एवढं रानटी खोड घ्यायचं आणि डोक्यावर पाहुणा बसवायचा कशाला?

फांद्या पुन्हा जागेवर उसळतात ही आणखी एक नेहमीची कुरकुर. बर्फाच्या ओझ्याखाली वाकून परत उभं राहायला शिकलेली फांदी आहे ती, उसळणारच. मऊ केलेली तांब्याची तार, जाड फांदीला आधी भिजवलेला रॅफिया (ताडाच्या जातीच्या पानांचे धागे), हवं त्यापेक्षा थोडी जास्त वाक, आणि तार रुतत नसेल तोवर दोन-दोन वर्षं तशीच. तरी पुन्हा बांधायची तयारी ठेवा.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी

बिया मागवून पॉन्डेरोसा लावू का, असं विचारलंत तर उत्तर नाही असं आहे. या झाडाला खरी थंडी आणि थंडीतली विश्रांती लागते. आपल्याकडे ती मिळत नाही, आणि वर चार महिने पावसात भिजत उभी राहिलेली उबदार कुंडी त्याला मानवत नाही. अमेरिकेतून डोंगरी झाड आणणं तर विसराच. तिथल्या तिथेही वनखात्याच्या जमिनीवरून झाड काढायला परवाना लागतो आणि राष्ट्रीय उद्यानातून काढणं बेकायदा आहे.

पण दोन मातींचा घोळ तुमच्याकडेही आहेच. नर्सरीतून काळ्या पिशवीत आणलेलं ज्युनिपर किंवा पाइन लाल मातीच्या घट्ट गोळ्यासकट तुम्ही विटांच्या चुऱ्यात आणि जाड रेतीत बसवता, तेव्हा कोलोराडोतल्या खोक्यात घडतं तेच तुमच्या गच्चीत घडतं. फरक इतकाच की तिथे जुलैचं ऊन घात करतं आणि तुमच्याकडे पावसाळा संपल्यावरची ऑक्टोबर हीट: चार महिने मध्य चिखल राहिलेला असतो आणि अर्धी मुळं गेल्यावर एकदम कडक ऊन पडतं. दोन काड्यांची चाचणी तीच. पावसाळ्यात कुंडी तिरपी ठेवा, आणि लाल मातीचा गोळा एकदम न धुता अर्धा-अर्धा करून दोन हंगामांत काढा. ज्युनिपर किंवा पाइन असेल तर त्यासाठी डिसेंबर-जानेवारीचा गार काळ बघा, भर पावसात नको.